मदत हवी आहे: हलत्या होडीतून सेक्स्टंटनं (कोन मोजायच्या यंत्रानं) सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन कसा घेतात?
मी नांदेडचा, आमच्याकडं पाणी म्हणलं की गोदावरी, पण सध्या अंटार्क्टिका मोहिमेवाल्या शॅकल्टनच्या जेम्स केर्ड होडीचा प्रवास वाचायलोय आन् पुस्तक खाली ठेववंना. १९१६ साल, साडेबावीस फुटी होडी, सहा माणसं, अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून साउथ जॉर्जिया बेटापर्यंत सुमारे ८०० मैल, आणि सोळा दिवसांत होडीची जागा काढणाऱ्या वॉर्स्लीला सूर्य सापडला जेमतेम चार वेळा! दोघं त्याला दोन्हीकडून धरून ठेवायचे, तवा कुठं तो कोन घ्यायचा. काय माणसं होती राव.

कोनाला घड्याळाची वेळ आन् पंचांगासारखे तक्ते जोडून जागा काढतात, एवढं समजलं. कोनात एक अंश चुकला तर ६० सागरी मैलांचा फरक पडतो हेही कळलं. व्हिडिओ बघितले पण सगळे स्थिर डेकवरचे, भूगोलाच्या सरांनाबी विचारलं, त्यांनी पुस्तकातली आकृतीच दाखवली. गणित दहावीपुरतं येतं, इंग्रजी जड जातं, म्हणून मराठीत सांगितलं तर बरं होईल.

नेव्हीत किंवा मर्चंट नेव्हीत कुणी असेल तर एवढंच सांगा, होडी लाटांच्या खळग्यात असताना क्षितिज दिसतच नाही, मग सेक्स्टंटच्या आरशातला सूर्य क्षितिजाला टेकवायचा नेमका क्षण कसा पकडायचा?