फौजीच्या बायकोने परदेशी जावे की गावी राहावे?

पारोळ्याची सूनबाई

परवा 'तापीकाठ' यांनी लिहिले की, दूतावासात तीन वर्षांची नेमणूक मिळालेल्या जवानाने एकट्याने जावे, बायकोमुलांनी गावी राहून म्हातारी माणसे सांभाळावीत आणि विदेश भत्त्यातून शेतात विहीर पाडावी. सोबत जाणाऱ्या बायका 'हौसेपायी घर मोडतात', असेही त्यांनी लिहिले. जूनमध्ये यांच्या अशाच नेमणुकीवर आम्ही मॉस्कोला निघतो आहोत, त्यामुळे हे वाक्य मला जिव्हारी लागले.

लग्नाला चौदा वर्षे झाली. एका छपराखाली काढलेले दिवस मोजले तर पाच वर्षेही भरत नाहीत. फील्डला, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर, कुटुंब नेता येत नाही आणि पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, क्वार्टर मिळेपर्यंत निम्मी मुदत सरते. मुलगी चालायला लागली तेव्हा तिचे वडील कुपवाड्याकडे होते. साठ दिवसांच्या वार्षिक रजेतले निम्मे दिवस शेतीच्या आणि तहसीलच्या कामांत जातात. यूएनचे शांतता मिशन असते तर मी एक शब्दही बोलले नसते, कारण तिथे कुटुंब नेताच येत नाही. इथे सरकार स्वतः आम्हाला पाठवत आहे, तिघांचे पांढरे, म्हणजे सरकारी कामाचे, पासपोर्ट हातात आले आहेत; मग मीच मागे का राहावे?

तापीकाठ (रावेर)

तुमचे नाव मी घेतले नव्हते, तरी लिहिलेले मागे घेत नाही. तुमची मुलगी आठवी झाली. तिथे नववी, दहावी आणि अकरावी होईल, आणि ऐन बारावीला तिला परत आणाल. सीबीएसईत नववीला आणि अकरावीला नोंदणी होते. मधल्या वर्षी मूल हलवणे किती अवघड असते, ते मी पाहिले आहे. माझा पुतण्या वडिलांच्या बदल्यांपायी चार शाळा फिरला, दहावीला गणितात राहिला आणि पुढे शिकलाच नाही. शिवाय तुमच्या सासूबाईंचे काय? आश्रित म्हणून त्यांचे उपचार लष्करी रुग्णालयात होतात, आणि पारोळ्याहून देवळाली म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला अख्खा दिवस लागतो. सोबत कोण जाणार?

निवृत्त सुभेदार (चोपडा)

शाळेच्या मुद्द्यावर 'तापीकाठ' यांची माहिती अपुरी आहे. मॉस्कोत आपले केंद्रीय विद्यालय आहे. भारताबाहेर अशी तीनच आहेत, उरलेली दोन काठमांडू आणि तेहरानला. बदलीवर आलेल्यांच्या मुलांना एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाता येते, आणि परतल्यावर भुसावळ किंवा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचे विद्यालय जवळ आहे. विदेश भत्ता तिथल्या महागाईसाठी असतो, विहिरीसाठी नव्हे.

आता माझे सांगतो. मी भूतानमध्ये 'हा' नावाच्या गावी आपल्या लष्कराच्या प्रशिक्षण पथकात होतो. कुटुंब नेता आले असते, पण वडील म्हणाले, केळीला पाणी कोण देईल? मी ऐकले. परतलो तेव्हा सात वर्षांच्या मुलाने माझ्यासमोर आईला विचारले, "हे कधी जाणार?" त्या बागेतली केळी कधीच उपटून झाली. मुलाचा प्रश्न अजून कानात आहे.

कानबाईचा रोट (शिरपूर)

शाळा आणि भत्ता ठीक आहे, पण कुळाचाराचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशची देवी कानबाई घरात बसते, तेव्हा सुरतेला पोटासाठी गेलेली आमची माणसेसुद्धा रात्रीच्या गाडीने घरी येतात. रोटाचा गहू आमच्याकडे माणसागणिक सव्वा मूठ घेतात आणि तो रोट भाऊबंदकीतच संपवावा लागतो. तीन श्रावण तुम्ही नसलात तर तुमच्या वाटचा गहू कोण निवडणार, आणि तुमचा रोट कोण खाणार? अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमची नणंद माहेरी येईल तेव्हा दार कोण उघडेल? तीन वर्षांत मुलगी अहिराणी विसरेल आणि आजीशी हिंदीत बोलेल.

तापीकाठ (रावेर)

नेमके हेच मला म्हणायचे होते.

धुळ्याची मास्तरीण

हे तुम्हाला म्हणायचे नव्हते, तुम्हाला विहीर हवी होती. आणि 'कानबाईचा रोट' यांना विचारते, अहिराणी मॉस्कोत विसरली जाते की आपल्याच घरात? मी धुळ्यात बावीस वर्षे शिकवते आहे. पालकसभेला आई-वडील आपसांत अहिराणी बोलतात आणि मुलाकडे वळले की शुद्ध मराठी सुरू करतात, कारण अहिराणी बोलले तर पोर गावंढळ वाटेल. बोली घरातून हद्दपार करणाऱ्यांनी एका फौजिणीला तिची काळजी शिकवू नये.

कानबाईचा रोट (शिरपूर)

माझ्या घरात अहिराणीच बोलतात. मला ओळखत नसताना माझ्या घरावर बोलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

धुळ्याची मास्तरीण

तोच अधिकार, जो तुम्ही तिच्या घरातला गहू मोजताना घेतलात. तरी तुमच्या घरात बोलत असाल, तर तेवढे शब्द मी मागे घेते.

निवृत्त सुभेदार (चोपडा)

दोघांनीही थांबावे. सूनबाई, कामाचे एक सांगतो. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवले आहे. इथले कार्ड तिथे चालेल या भरवशावर राहू नका. पगाराच्या खात्यातून सासूबाईंना दरमहा पैसे आपोआप जातील, अशी सूचना निघण्याआधी बँकेत देऊन ठेवा. मिक्सर न्या, वीज आपल्यासारखीच आहे, फक्त पिनेसाठी अडॅप्टर लागेल.

पारोळ्याची सूनबाई

बँकेचे काम सोमवारीच करते.

सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. त्या अमळनेरला नणंदेकडे राहतील. देवळालीला नेण्याची जबाबदारी नंदोयांनी, म्हणजे नणंदेच्या यजमानांनी, घेतली आहे. एवढ्याने मी मोकळी झाले असे नाही. पडवीत आमची काळी फौजी पेटी आहे, पांढऱ्या रंगात यांचे नाव आणि नंबर लिहिलेली. ती पेटीच अठरा किलो भरते, म्हणून विमानात नेता येणार नाही. सासूबाईंनी ती रिकामी पाहिली आणि त्यात बिबडे, कुरडया आणि काळ्या मसाल्याच्या पिशव्या रचू लागल्या. पेटी इथेच राहणार आहे, हे त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी सगळे पुन्हा काढून माझ्या बॅगेत भरले आणि म्हणाल्या, "पोरले बापजोडे ऱ्हाऊ दे, माय." म्हणजे, पोरीला बापाजवळ राहू दे.

रोटाचे मी त्यांनाच विचारले. आमच्या तिघांचा गहू त्या दरवर्षी घेतात तसाच घेणार आहेत आणि तो रोट भाऊबंदांची मुले खातील. इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा मॉस्कोत साडेपाच असतात. आरतीच्या वेळी मुलगी घरीच असेल. ती आजीशी अहिराणीतच बोलेल, एवढे मी बघेन.

तापीकाठ (रावेर)

केंद्रीय विद्यालयाचे मला माहीत नव्हते, ते मान्य करतो. 'हौसेपायी' हा शब्दही मागे घेतो. बाकी माझे मत तेच आहे. फक्त नंदोयांवर सगळे सोडू नका. माझा भाऊ अमळनेरला असतो, गाडी लागली तर त्याला सांगेन.