१० किंग हेन्रीज रोड: नागपूरच्या आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवरचा रविवार

*रविवार, संध्याकाळ*

देशमुख काका (२०१, सचिव), ६:२१: ज्या कोणाची पांढरी कार पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उभी आहे, त्यांनी ती लगेच काढावी. टँकरवाला खाली उभा आहे. तिसऱ्यांदा सांगून राहिलो.

केतकी (३०२, सध्या लंडन), ६:४३: [फोटो] नमस्कार मंडळी! हे ग्रिनिच, शून्य रेखांशाची रेषा जाते ती वेधशाळा. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला.

जोशी काकू (१०४): अगं, स्वेटर कुठाय?

केतकीची आई: रोज तेच विचारते मी. ‘जाकिटाच्या आत आहे’ म्हणते.

बंटीभाऊ (३०१): म्हणजे त्यांचा झिरो माइल! काऊन केतकी, घोडे आहेत का तिथं चार?

केतकी: घोडे नाहीत भाऊ, अंगणात धातूची एक पट्टी आहे आणि तिच्यावर पाय ठेवायला ही रांग. त्या अंगणात जायला तिकीट लागतं. बाहेर भिंतीलगतच्या पायवाटेवर तीच रेषा फुकट आहे. फोटो फुकटवाल्या जागेचा आहे, आई, काळजी करू नकोस.
पण खरी गंमत पुढेच. पट्टीवर उभं राहून मोबाइल पाहिला तर रेखांश शून्य येतच नाही! मला वाटलं फोन बिघडला. मग तिथल्या माणसाने सांगितलं, जीपीएसचं शून्य इथून १०२ मीटर पूर्वेला, बागेत आहे. १८८४ साली जगाने जी रेषा मानली ती इथल्या दुर्बिणीची. दुर्बीण लावायची म्हणजे ‘सरळ खाली’ कुठे ते धरून, आणि जमिनीच्या आतलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्यामुळे तिथला ओळंबा किंचित कललेला. उपग्रह मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात. म्हणून मी १०२ मीटर चालत गेले. तिथे काहीच नाही. पायवाट, ओली पानं आणि फोनकडे बघत उभा असलेला माझ्यासारखाच एक वेडा.

देशमुख काका: आपल्या झिरो माइलच्या दगडाचंही तसंच आहे. लोक त्याला भारताचा मध्यबिंदू म्हणून फोटो काढतात. तो १९०७ चा सर्व्हेचा दगड आहे, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे. चाळीस वर्षं सांगून राहिलो, कोणी ऐकत नाही. गाडी काढली का?

बंटीभाऊ: काका, मध्यबिंदू राहू द्या नं बाप्पा. पाहुण्यांना काय दाखवायचं मग आम्ही?

केतकी: वेधशाळेच्या छपरावर एक लाल गोळा आहे. रोज १२:५५ ला अर्ध्यापर्यंत चढतो, १२:५८ ला टोकाला, आणि बरोबर एकला पडतो. १८३३ पासून. थेम्समधल्या जहाजांनी तो पाहून आपली घड्याळं लावायची. वीस मिनिटं मान वर करून उभी होते. एकला दहा सेकंद कमी असताना आईचा व्हिडिओ कॉल आला.

केतकीची आई: साडेसहाला, म्हणजे तिकडच्या एकला, दिवा लावून झाला की फोन करते मी. मला काय ठाऊक तुझा गोळा पडून राहिला म्हणून!

रोहित (४०३): ताई, एका दिवसाच्या फिरण्याला किती जातात? मी पुढच्या वर्षी अप्लाय करतोय.

केतकी: बसने फीर, रोहित. बसचं भाडं १.७५ पाउंड, आणि पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून एक तास कितीही बस बदल, पुन्हा पैसे नाहीत. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली तर टूरवाल्या बसची गरज नाही. मोठी म्युझियमं फुकट. लंडन आयच्या मोठ्या पाळण्यात बसले नाही, खालूनच बघितलं.

जोशी काकू: १.७५ म्हणजे दोनशेच्या वर झाले की गं! दोनशेत मी बर्डीला चारदा जाऊन येते, वर गजरा.

साने काका (४०१): सगळं छान आहे. पण मुलगी शिकायला गेली आहे की फिरायला? दर रविवारी फोटो येतात. वडिलांनी कर्ज काढलं आहे, एवढंच लक्षात असू द्यावं.

जोशी काकू: साने भाऊजी, अहो...

केतकी: काका, आहे लक्षात. सोमवार ते शुक्रवार लेक्चर आणि लायब्ररी, आणि संध्याकाळी एका कॅफेत काम. व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, त्यामुळे तुम्ही म्हणालात तरी रविवार विकता येणार नाही.

बंटीभाऊ: 😂

केतकी: आणि लायब्ररीचे फोटो टाकले तर कोणी अंगठासुद्धा देत नाही. सप्टेंबरमध्ये टाकला होता एक.

रोहित: मी दिला होता ताई.

केतकीची आई: वाघनखांचं सांग नं सगळ्यांना.

केतकी: हो, ती माझी फजिती! व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले वाघनखं बघायला. सगळ्या काचा धुंडाळल्या. टिपू सुलतानचा लाकडी वाघ सापडला, खाली पडलेल्या गोऱ्या शिपायाच्या गळ्याला लागलेला. वाघनखं नाहीत. शेवटी विचारलं तर बाई म्हणाल्या, ती २०२४ पासून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रातच दिली आहेत.

बंटीभाऊ: आपल्या म्युझियममध्ये, अजब बंगल्यात आली होती ना ती! मी स्वतः पाहिली. तू तिकडे, ते इकडे!

केतकी: तेच तर! आणि आणखी एक. अजब बंगला १८६३ चा, आणि इथली भुयारी रेल्वेही १८६३ साली सुरू झाली. त्यांनी त्याच वर्षी बोगद्यातून वाफेचं इंजिन चालवलं.

मेश्राम काका (१०१): जय भीम बेटा. सगळं वाचून राहिलो. माझं काम झालं का? बाबासाहेबांचं तिथलं घर पाहून आलीस का?

केतकी: जय भीम काका! झालं, काल झालं. सविस्तर लिहिते, थोडं थांबा.

*७:१८*

केतकी: काका, आधी चूक सांगते. नकाशात स्टेशन चाक फार्म. भुयारी रेल्वेची काळ्या रंगाची नॉर्दर्न लाइन. आपल्याकडे मेट्रोने सीताबर्डीला उतरलं की ऑरेंज लाइन वेगळी, अॅक्वा वेगळी, रंग पाहिला की काम झालं. इथे एकाच काळ्या रंगाच्या लाइनला कॅमडेन टाउनला दोन फाटे फुटतात आणि गाडीच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचावं लागतं. मला एजवेअरची गाडी हवी होती, मी हाय बार्नेटच्या गाडीत. दार उघडलं तर केंटिश टाउन! एकच स्टेशन मागे यायचं होतं, पण उन्हाचा एक तुकडा पडला होता. नोव्हेंबरात इथे ऊन म्हणजे पाहुणा. म्हणून चालत निघाले.
अर्ध्या तासाने रेल्वेलाइनवरचा पादचारी पूल लागला. तो ओलांडला की किंग हेन्रीज रोड जवळच. घर क्रमांक १०. विटांचं, बाजूच्या घरांना चिकटलेलं, चार मजली. बाहेर निळी गोल पाटी, बाबासाहेबांचं नाव, १८९१–१९५६, आणि १९२१–२२ मध्ये इथे राहत होते असं. फोटोत वाटतं त्यापेक्षा रस्ता फार शांत. समोरून एक बाई कुत्रं घेऊन जात होती, तिने मला पाटीचा फोटो काढताना बघितलं आणि माझा पण काढून दिला.
आत दिवाणखान्यात टेबलावर कागद पसरले आहेत. झोपायच्या खोलीत पलंग, शेजारी छोट्या टेबलावर चष्मा आणि कोपरे दुमडलेली पुस्तकं मांडली आहेत. जिना अरुंद आहे. मी व्हिडिओ काढत चढत होते, एका पायरीवर घसरले, ते पण व्हिडिओत आलं आहे, हसू नका.

मेश्राम काका: तुला लागलं तर नाही ना कुठे?

केतकी: नाही काका.

देशमुख काका: २०१५ मध्ये आपल्या सरकारने घेतलं ते घर. नंतर शेजाऱ्यांनी तक्रार केली होती ना?

केतकी: हो काका, तिथल्या नगरपालिकेने म्युझियमला परवानगी नाकारली होती. शेजाऱ्यांचं म्हणणं, लोक येतील, गोंगाट होईल, बसगाड्या उभ्या राहतील. चौकशी बसली, मग २०२० मध्ये वरून परवानगी मिळाली.

बंटीभाऊ: म्हणजे पार्किंगचं भांडण लंडनलाही आहे. देशमुख काका, तुम्हाला तिकडे नोकरी आहे.

देशमुख काका: हसण्यावारी नेऊ नका. टँकरवाला तासभर उभा आहे.

मेश्राम काका: १९२१ ला बाबासाहेब तिथं एम. एस्सी. करून राहिले होते. १९१७ ला बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून परत यावं लागलं, पैसे जमवून १९२० ला पुन्हा गेले. डी. एस्सी. १९२३ ची. मधल्या काळात बॅरिस्टरही झाले. ब्रिटिश म्युझियमच्या लायब्ररीत दिवसभर वाचत बसत. साने भाऊ, पोरगी रविवारी फिरून राहिली तर फिरू द्या. तिथपर्यंत जाऊन खोलीतच बसायचं असेल तर इथं काय वाईट होतं?

साने काका: मी काळजीने म्हटलं मेश्राम साहेब. वाईट वाटून घेऊ नये.

केतकी: नाही हो काका. तुम्हीच स्टेशनवर सोडायला आला होतात, विसरले नाही.

जोशी काकू: बर्फी होती ना गं तुझ्याकडे? संपली का?

केतकी: शेवटची संत्रा बर्फी मी जपून ठेवली होती. घर बघून झाल्यावर प्रिमरोज हिलवर बसले. टेकडी कसली, आपल्या सेमिनरी हिल्सला हसू येईल. ६३ मीटर! पण वरून सेंट पॉल चर्चचा घुमट, शार्डची उंच इमारत, सगळं लंडन पसरलेलं. डबा उघडला आणि एका तपकिरी कुत्र्याने बर्फी कागदासकट नेली. मालकाने चारदा माफी मागितली, मग विचारलं, त्यात चॉकलेट आहे का? मी म्हटलं, संत्री. तो बिचारा तरी कागदाचीच काळजी करत बसला. सव्वाचारला अंधार.

केतकीची आई: तुझी मावशी डिसेंबरात येतेय, अर्धा किलो पाठवते. कुत्र्यापासून लांब बसून खा.

मेश्राम काका: बेटा, एक विचारू? मी रेल्वेत पस्तीस वर्षं काढली म्हणून विचारून राहिलो. त्या पुलाखालून गाड्या कुठल्या जातात?

केतकी: यूस्टनहून निघणाऱ्या, काका. मी पुलावर उभी होते तेव्हा एक गेली.

मेश्राम काका: घरातून ऐकू येते का?

केतकी: ते मी ऐकलंच नाही हो. व्हिडिओत माझाच आवाज आहे सगळा. पुढच्या शनिवारी परत जाते, फोन खिशात ठेवून.

मेश्राम काका: जा. एजवेअरची गाडी पकड.

साने काका: देशमुख साहेब, पांढरी कार माझीच निघाली. जावई सकाळी ठेवून गेला होता. किल्ली आता सापडली, खाली येतो.

देशमुख काका: येऊ नका. टँकरवाला गेला. उद्या सकाळी सातला येतो म्हणाला. सगळ्यांनी आजच बादल्या भरून ठेवाव्या.