मदत हवी आहे: इन, ऑन, ॲट आणि यमक जुळणारे शब्द

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, मुलगी सेमी इंग्रजीला पाचवीत आहे. प्रिपोझिशन्सवर तिची गाडी अडलीय आणि मला नीट समजावता येत नाहीये.

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटतं, इंग्रजीत ते सुटं आणि आधी येतं, एवढं तिला पटलंय. अडतं ते निवडताना. आपण 'रंकाळ्यावर भेटू' म्हणतो, म्हणून ती 'ऑन रंकाळा' लिहिते. तिथे 'ॲट' हवं. केएमटीत बसलो तर 'ऑन द बस', पण रिक्षात बसलो तर 'इन'. वेळेचं त्यामानाने सोपं गेलं: पाच वाजता 'ॲट', सोमवारी 'ऑन', जूनमध्ये 'इन'. जागेसाठी असं काही पक्कं धरता येईल का? नुसतं पाठांतर नको. कारण कळलं की ती विसरत नाही.

दुसरं, यमक. ती स्पेलिंगचा शेवट बघून जोड्या लावते, म्हणजे 'पुट' आणि 'बट'. उलट 'ब्लू', 'शू' आणि 'थ्रू' यांचं शेवटचं स्पेलिंग वेगवेगळं, तरी यमक पक्कं. सध्या मी शब्द देवनागरीत लिहून मोठ्यानं म्हणायला लावते. हे चालेल, की पुढे उच्चार बिघडतील?

प्राथमिकला इंग्रजी शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा. मराठीतून समजावणारं एखादं चांगलं पुस्तक माहीत असेल तर नाव कळवा, महाद्वार रोडला चौकशी करते.