अनुभव धागा: ‘नक्को!’ म्हणणारी पोरं आणि आपलं पान

लेक साडेतीन वर्षांची. वरणभात, बटाटा, केळं. चौथ्या पदार्थाला ओठ घट्ट. दोन ते सहा वर्षांत अनोळखी चवीची धास्ती असतेच, एकच पदार्थ ८-१०, कधी १५ वेळाही पुढ्यात यावा लागतो, हे वाचून पाठ झालंय. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चाललं ते लिहा. पाककृती नकोत, त्या ढीगभर आहेत.

नौपाडा
चिरंजीवांनी दुधीला ११ वेळा नाही म्हटलं. मोजत होते, कारण नवऱ्याशी पैज होती. पानात डावीकडे, लिंबाशेजारी एकच फोड. ‘खा’ हा शब्द बंद. बाराव्या वेळी चाटली आणि परत ठेवली. माझ्या मते पैज मी जिंकले. नवरा मानत नाही.

नेरूळ
आमचा घोटाळा दुधाचा होता. दिवसाला चार बाटल्या, म्हणजे लिटरभर. डॉक्टर म्हणाल्या, पोट दुधानेच भरतंय, भूक लागणार कुठून? रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. बाटली बंद, पेला सुरू, दूध अर्ध्या लिटरच्या आत. आठवडाभर नुसती रडारड. मग एका संध्याकाळी कणीक मळताना येऊन म्हणाला, ‘पोई दे.’ सासूबाईंच्या मते मी लेकराला उपाशी मारलं.

घणसोली
पालक लपवून पराठे केले. पकडले गेले. आता बाईसाहेब साधी पोळीही उघडून तपासतात!

वर्तकनगर
पावसाळ्यात येऊरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, तिथे मुलीला नेलं. करटोली बघून ओरडली, ‘काटेवाले बॉल!’ तिनेच एकेक निवडून घेतली. घरी बिया बोटाने उकरल्या, निम्म्या लादीवर. चकत्या रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केल्या; चार खाल्ल्या, पाचवी मांजराला. शेवळांचा मोह आवरला. त्यांत घालायची काकडं (आंबट रानफळं) कमी पडली की घसा खाजतो, आणि मग जन्माची अढी.

कोपरखैरणे (बाबा)
पाळणाघरात भेंडीसुद्धा खातो, घरी नाही. ताईंना विचारलं. म्हणाल्या, ‘दादा, आम्ही कुणी त्याच्या तोंडाकडे बघत बसत नाही.’ तेव्हापासून मी खाली मान घालून जेवतो. परवा म्हणाला, ‘बाबा, तुझ्यातली भेंडी दे.’ दिली. स्वतःच्या ताटातली तशीच.