मदत हवी आहे: कार्यकारिणीची मीटिंग तीन तास चालते अन् निर्णयच होत नाही

महालवाला:
कोणीतरी लवकर सांगा, रविवारी मीटिंग आहे. ६ ला सुरू होते, ९ वाजले तरी पहिल्या-दुसऱ्या विषयातच अडकून राहतो. टिनाचं छप्पर पावसाळ्याआधी व्हायलाच पाहिजे, तीन कोटेशन आणून ठेवले, पण तो विषय येईपर्यंत अर्धे लोक उठून गेले असतात. काय करू?

सक्करदरा_चौक:
संस्था कोणती, किती जण, मीटिंग कोण चालवतं? हे न सांगता काय सांगणार भाऊ.

धरमपेठी:
पोहे शेवटी द्या. आमच्याकडे आधी तर्री-पोहा व्हायचा, त्यातच तास जायचा. आता लोक शेवटपर्यंत थांबतात.

इतवारी:
पोह्याचं काय घेऊन बसले! व्हॉट्सॲपवर पोल टाका, दहा मिनिटांत निर्णय.

सक्करदरा_चौक:
अन् उद्या कोणी आक्षेप घेतला तं? संस्थेच्या घटनेत सोय नसेल तर प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, काय लिहाल?

इतवारी:
आमचं चालून राहिलं ना इतके वर्षं.

जुना_ऑडिटर:
कार्यकारिणी बदलली असेल तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज) टाका, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. लोक हमखास विसरतात.

महालवाला:
चेंज रिपोर्ट झाला काका, तो प्रश्नच नाही. वाचनालय आहे, ११ जण, कोरम (किमान हजेरी) ५. अध्यक्ष वयस्कर आहेत, कोणाला थांबवत नाहीत. मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं की त्याच्यावरच सुरू होतात, बाइंडिंगचा खर्च मंजूर झाला होता तरी त्याच्यावर परत तासभर.

रामटेकची_ताई:
मग घोळ तिथेच आहे. इतिवृत्त कायम करणं म्हणजे जे ठरलं ते बरोबर लिहिलंय का एवढंच पाहणं, ठरलेलं परत उकरणं नाही. आजच सगळ्यांना पाठवा अन् दुरुस्त्या लेखी मागवा. अन् अजेंड्यावर "छपराबाबत चर्चा" असं लिहिलं की लोक चर्चाच करतात हो. "तीनपैकी एक कोटेशन मंजूर करणे, ॲडव्हान्स किती, कामावर देखरेख कोणाची" असं लिहा. सूचक-अनुमोदक झाले की ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवा.

धरमपेठी:
टिनाला वरून पांढरा रंग मारा, मे महिन्यात फरक पडते.

महालवाला:
ताई, अजेंडा तर गेला, छप्पर ६ नंबरवर आहे. क्रम बदलता येतो का?

रामटेकची_ताई:
तुमच्या घटनेत मनाई नसेल तर येतो. सुरुवातीलाच अध्यक्षांच्या परवानगीनं सभेला विचारा अन् तशी नोंद घ्या. पण शनिवारी अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांना आधी सांगून ठेवा. तिन्ही कोटेशन एकाच कागदावर मांडून न्या, पत्र्याची जाडी, मजुरी धरून की वेगळी, जीएसटी धरून की नाही. नाहीतर रविवारी तेच विचारण्यात वेळ जाईल.