केस पेपरवर सीएलडब्ल्यू, कन्ट्युजन, अ‍ॅब्रेजन लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

उसाचा_मळा:
नमस्कार मंडळी. परवा संध्याकाळी वडील स्कूटीवरून घरी येत होते, उसाच्या ट्रॉलीला साईड देताना चाक रस्त्याच्या कडेला खडीवर घसरलं आणि पडले. शुद्धीवर होते, देवाची कृपा. कपाळाला पाच टाके पडलेत, डावा गुडघा सोलवटलाय आणि मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग आलाय. डोक्याचा सिटी स्कॅन नॉर्मल आहे. पण केस पेपरवर लिहिलंय, "सीएलडब्ल्यू उजवं कपाळ ४ × १ × ०.५ सेमी, अ‍ॅब्रेजन डावा गुडघा ५ × ३ सेमी, कन्ट्युजन डावी मांडी". शेजारचे काका म्हणाले कन्ट्युजन म्हणजे मेंदूला मार, त्यांच्या मेव्हण्याला तेच झालेलं आणि आयसीयूत ठेवलेलं. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाहीये. मी विचारायला गेले तर डॉक्टरांची ड्युटी संपलेली. कोणी नीट सांगेल का? आणि साध्या जखमांना एवढी अवघड नावं कशाला?

रात्रपाळी:
ताई, आधी आईंना जेवायला बसवा. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, हे शब्द रोज लिहिते. कन्ट्युजन म्हणजे आपला मुका मार. वरची कातडी फुटत नाही, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथंच साकळतं. हाच शब्द मेंदूलाही लावतात म्हणून काकांचा गोंधळ झाला, पण मेंदूचं असेल तर तसं स्पष्ट लिहितात आणि ते स्कॅनवर दिसतं. तुमच्याकडे पुढे "डावी मांडी" लिहिलंय ना, मग झालं. नावाइतकीच जागा वाचायची.

अ‍ॅब्रेजन म्हणजे खरचटणं. बघा, गुडघ्याला दोनच आकडे आहेत, लांबी आणि रुंदी, कारण फक्त वरचा थर गेलाय, खोली मोजण्यासारखी नाही. कपाळाला तिसरा आकडा आहे, ती खोली. सीएलडब्ल्यू म्हणजे कन्ट्युज्ड लॅसरेटेड वूंड, आपटून ठेचून फाटलेली जखम, खोक पडली म्हणतो ना आपण तीच.

स्कॅन नॉर्मल असला तरी डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, सारखी गुंगी यायला लागली किंवा बोलण्यात असंबद्धपणा वाटला तर वाट न बघता दवाखान्यात न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का तेही पेपरवर बघून घ्या.

जुनी_पाटी:
नावं अवघड वाटतात कारण ती लॅटिनमधून आलीत, पण फोडली की अगदी घरगुती निघतात. अ‍ॅब्रेजनच्या पोटात "रादेरे" आहे, म्हणजे खरवडणे, दाढीचा रेझरही त्याच घरातला. कन्ट्युजनमध्ये "तुंदेरे", म्हणजे कुटणे, ठोकणे. लॅसरेशन "लाकेरारे"पासून, म्हणजे फाडणे. इन्साइज्ड वूंड म्हणजे धारदार वस्तूने कापलेली जखम, त्यातलं मूळ क्रियापद कापण्याचं, समोरच्या चाव्याच्या दातांना इन्सायझर म्हणतात ते त्यामुळेच. सगळं लॅटिन नाही हं, ट्रॉमा (इजा) आणि हिमॅटोमा (साकळलेल्या रक्ताची गाठ) ग्रीक आहेत.

तुमच्या काकांसारखा गोंधळ आणखी एका शब्दाचा होतो. पहिल्या शतकात रोममध्ये केल्सस नावाच्या लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली, रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर. लाली, सूज, ऊब, ठणका. त्यातला तुमोर म्हणजे आजचा ट्यूमर, तेव्हा त्याचा अर्थ नुसती सूज!

आणि आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ताज्या जखमांचे सहा प्रकार दिलेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. घृष्ट म्हणजे घासलेली, पिच्चित म्हणजे चेचलेली. म्हणजे जखम कशी झाली त्यावरून नाव ठेवायची रीत दोन्हीकडे सारखीच, मला तर हे फार सुंदर वाटतं.

कोर्टाची_पायरी:
फौजदारी वकिली करतो म्हणून एक भर घालतो. हा पेपर जपून ठेवा, झेरॉक्स काढा. या शब्दांवर केस फिरते. डोक्याची कातडी हाडावर ताणलेली असते, त्यामुळे बोथट वस्तूने किंवा रस्त्यावर आपटूनही ती सरळ रेषेत फुटते आणि सुरीने कापल्यासारखी दिसते. पण भिंगाखाली बघितलं तर कडा चेचलेल्या असतात, केस मुळाशी ठेचलेले असतात आणि जखमेच्या आत दोन्ही काठांना जोडणारे धागे राहिलेले दिसतात. धारदार हत्याराने केस स्वच्छ कापले जातात, धागे उरत नाहीत. मारामारीच्या केसमध्ये लॅसरेटेडच्या जागी इन्साइज्ड लिहिलं गेलं तर काठीची सुरी होते, आणि त्या माणसावर भलतंच कलम लागतं. त्यामुळे डॉक्टरने हे शब्द घाईत लिहू नयेत असं मला मनापासून वाटतं.

तसंच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यातल्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडला वा निखळला तर ती गंभीर दुखापत. जुन्या आयपीसीत २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद असा एक निकष होता, तो आता १५ दिवसांवर आलाय. गुडघ्याचा एक्स-रे काढला नसेल तर डॉक्टरांना विचारा, खरचटण्याखाली काय आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

उसाचा_मळा:
सगळ्यांचे खूप खूप आभार. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन पहिल्याच दिवशी दिलेलं. मी आईला "डावी मांडी" हे दोन शब्द बोट ठेवून वाचून दाखवले, त्या रात्री तिने दीड भाकरी खाल्ली. उशिरा लिहितेय कारण मधले चार दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांत गेले. आज सकाळी बाबांच्या मांडीवरचा डाग कडेने हिरवट झालाय, मधे अजून काळपट आहे, हे बरं होण्याचंच लक्षण ना?

रात्रपाळी:
हो ताई, साकळलेलं रक्त विरघळताना असाच रंग बदलतो, आता पिवळा होईल आणि मग जाईल. चोळू मात्र देऊ नका त्यांना.