मेडिक्लेम नाकारून दोन वर्षं उलटली, ग्राहक आयोगात आता तक्रार घेतील का?

मिरजेचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. वडिलांचा मेडिक्लेम कंपनीने १४ फेब्रुवारी २०२३ च्या पत्राने नाकारला, म्हणे बीपी आधीपासून होतं आणि फॉर्ममध्ये लिहिलं नाही. बिल ३ लाख ४० हजार, पतसंस्थेचं कर्ज काढून भरलं. तेव्हाच ग्राहक मंचात जायचं ठरवलं होतं पण आधी कंपनीला मेल करत बसलो, आज बघतो उद्या बघतो करत वर्ष गेलं, मग नोव्हेंबर २०२४ मध्ये बाबांना पॅरालिसिस झाला, उजवी बाजू पूर्ण गेली, आई एकटी, मी पुण्याहून येऊन इथेच राहिलो. आज २० जून २०२५, फाईल उघडली तर कळतंय की दोनच वर्षांची मुदत असते. एजंट म्हणतो वकिलाकडून ताजी नोटीस पाठवा, मुदत परत पहिल्यापासून सुरू होते. खरं आहे का हे?

कोर्टातली_ताई:
दादा, एजंटचं अजिबात ऐकू नका. नोटीस पाठवून मुदत परत सुरू होत नाही, मेल आणि आठवणपत्रांनी पण नाही, आणि हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवली म्हणून घड्याळ थांबतं असंही नाही, यातच कितीतरी लोकांची वर्षं जातात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ६९ आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या बाबतीत क्लेम नाकारला तिथून मोजायचं, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२५ ला संपली. आजपर्यंत १२६ दिवस उशीर.

पण दार बंद झालेलं नाही. त्याच कलमात पुढे आहे की वेळेत का येता आलं नाही याचं पुरेसं कारण पटवून दिलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, फक्त तशी कारणं त्यांना लेखी नोंदवावी लागतात. त्यासाठी तक्रारीसोबतच वेगळा विलंब माफीचा अर्ज द्यायचा, शपथपत्रासकट. कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तर सुटलो असं समजू नका, आयोगाने तो स्वतःहून बघायचाच असतो, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

झटका मुदत संपायच्या तीन महिने आधी आला ही तुमची जमेची बाजू. अॅडमिट केल्याची तारीख, डिस्चार्ज कार्ड, फिजिओच्या पावत्या, तुमचं रजेचं पत्र, सगळं तारखेप्रमाणे लावा. आणि नकाराचं पत्र ज्या पाकिटात आलं ते असेल तर जपून ठेवा, पोस्टाचा शिक्का बघा, पत्र हातात कधी पडलं याला पण अर्थ असतो.

बॅटरीवाला_जळगाव:
ताईंचं खरं आहे, माझं झालंय म्हणून सांगतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं प्रकरण होतं, तीन महिने उशीर, आणि मी अर्जात एकच ओळ लिहिली, "घरगुती अडचणींमुळे विलंब झाला". बस. खरं तर आईचं ऑपरेशन झालं होतं, कागद घरातच कपाटात पडले होते, पण जोडले नाहीत, वाटलं तारखेला तोंडी सांगू. अर्ज नामंजूर झाला आणि त्यामुळे तक्रारही गेली, बॅटरी खराब होती की नव्हती हे कुणी बघितलंच नाही. अजून ते मनाला लागून आहे. तुम्ही कारण मोघम लिहू नका, कुठल्या महिन्यात काय चाललं होतं ते सरळ लिहा, आणि मधलं एक वर्ष नुसतं मेल करण्यात गेलं तेही लपवू नका, खोटं लिहिलं तर खरंही बुडतं.

मिरजेचा_पोरगा:
खूप आभार ताई, दादा. बाबांना सही करता येत नाही, अंगठा देतील, चालेल का? आणि फी किती, वकील परवडणार नाही हो. तक्रार पुण्यात करायची का जिथे कंपनीचं ऑफिस आहे?

कोर्टातली_ताई:
अंगठा चालतो, तक्रारदार बाबाच राहतील, तुम्ही त्यांच्या वतीने अधिकारपत्र घेऊन उभे राहा. पुण्याला जायची गरज नाही, नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात करता येते, म्हणजे तुमचा सांगली जिल्हा आयोग. फी तुम्ही भरलेल्या पैशांवर, इथे प्रीमियमवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत शून्य. वकील सक्तीचा नाही. ऑनलाईन, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरता येईल. माफीचा अर्ज फेटाळलाच तर राज्य आयोगात अपील, ४५ दिवसांत, ती तारीख मात्र चुकवू नका.

ठाणे_सोसायटी_सेक्रेटरी:
मधेच घुसतो, माफ करा. बिल्डरने ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचं पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र) दिलीच नाही, ताबा घेऊन नऊ वर्षं झाली, आमचं पण मुदतीबाहेर गेलं का?

कोर्टातली_ताई:
नाही काका, तुमचं वेगळं आहे. ओसी आणून देणं बिल्डरचं कायद्याने काम, ते जोवर करत नाही तोवर चूक रोज चालूच आहे असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये समृद्धी सोसायटीच्या केसमध्ये म्हटलंय, त्याच मुंबईतल्या सोसायटीची तक्रार आधी राष्ट्रीय आयोगाने मुदतबाह्य म्हणून फेटाळली होती. निकाल छापून जोडा. क्लेम नाकारला ती गोष्ट मात्र एकदाच घडते, म्हणून मिरजेच्या दादांना हा रस्ता नाही.

मिरजेचा_पोरगा:
पाकीट सापडलं ताई! आईने रेशन कार्डच्या पिशवीत ठेवलं होतं. शिक्का २३ फेब्रुवारीचा दिसतोय, पुसट आहे पण दिसतोय. अर्ज आज रात्रीच लिहायला घेतो, डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स सकाळी काढतो.